कपाटात गॅनोडर्माची डबी सापडली, आणि हे म्हणतात डॉक्टरांना सांगू नकोस

पत्र थोडक्यात असं आहे (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय) : लिहिणाऱ्या ताई ३६ वर्षांच्या, मिस्टर हायस्कूलला शिक्षक. अडीच वर्षांपूर्वी मिस्टरांचं किडनी ट्रान्सप्लांट झालं, किडनी सासूबाईंनी दिली. शरीराने ती नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि थोडं स्टिरॉइड चालू आहे, रिपोर्ट आजवर चांगले. गेल्या आठवड्यात कपड्यांच्या घड्यांखाली ताईंना एक डबी सापडली, गॅनोडर्मा आणि कॉर्डिसेप्स या बुरशींच्या कॅप्सूल, बरोबर दुधातून घ्यायची पावडर. नणंदेच्या मिस्टरांनी आणून दिलेली, ते या मालाची एजन्सी चालवतात. त्यांचं म्हणणं असं की मशरूममधलं प्रोटीन किडनीला ताकद देतं, इम्युनिटी वाढवतं, हळूहळू केमिकलच्या गोळ्या बंद करता येतात. मिस्टर महिनाभर गुपचूप घेतायत. विचारल्यावर म्हणाले, डॉक्टरांना सांगू नकोस, ते ओरडतील. ताई बॉटनीच्या बीएस्सी आहेत, नणंदेच्या मिस्टरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला रिसर्च पेपर त्यांनी वाचला, त्यात खरोखरच या प्रोटीनमुळे प्राण्यांमध्ये कलम केलेला तुकडा जास्त दिवस टिकला असं लिहिलंय. त्या विचारतात : पेपर खरा असेल तर मी अडवून चूक करतेय का? आणि डॉक्टरांना सांगितलं तर नवऱ्याचा विश्वास मोडला असं होईल का? दोन आठवड्यांनी तपासणी आहे.

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी तातडीचं लिहिते, बाकीचं मागाहून. ती पावडर आणि कॅप्सूल आजपासून बंद. ट्रान्सप्लांटच्या गोळ्या मात्र एकही कमी नाही, एकही पुढेमागे नाही, ज्या वेळेला घेतात त्याच वेळेला. आणि दोन आठवड्यांनी तपासणी आहेच तेव्हा बघू असं करू नका, उद्या सकाळी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन करा, महिनाभर हे हे घेतलंय आणि आज बंद केलंय एवढं सांगा, ते बहुतेक क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल लगेच करायला सांगतील. बंद केलं म्हणजे सांगायची गरज संपली असं नाही, कारण टॅक्रोलिमस हे औषध फार हळवं आहे, आतड्यातलं आणि यकृतातलं ज्या एन्झाइमने ते मोडतं त्याच एन्झाइमच्या मध्ये दुसरं काही आलं की लेव्हल वरखाली होते. तुम्हाला डिस्चार्जच्या वेळी पपनस खाऊ नका असं सांगितलं असेल, गणपतीत घरोघरी असतं तेच पपनस, त्याचं कारण हेच आहे. एक फळ जर एवढं करू शकतं तर महिनाभर रोज घेतलेल्या अर्काबद्दल डॉक्टरांना माहिती असायलाच हवी. घेताना लेव्हल एकीकडे सरकली असेल तर बंद केल्यावर दुसरीकडे सरकेल.

ताप आला, लघवी कमी झाली, पायावर सूज, दोन दिवसांत वजन वाढलं, बीपी चढलं किंवा जिथे किडनी बसवलीये तिथे ओटीपोटात दुखायला लागलं तर मात्र फोनवरही थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. आणि यातलं काहीच नाही म्हणजे सगळं ठीक असंही समजू नका, शरीराने किडनी नाकारायला सुरुवात केली तरी बऱ्याचदा पेशंटला काहीच जाणवत नाही, ते रक्तातच कळतं. घाबरवायला लिहीत नाहीये, एका महिन्याने काही बिघडलंच असेल असं अजिबात नाही. पण बघून घेणं एका सकाळचं काम आहे.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते, पेपर खरा असेल तर. ताई, पेपर खराच आहे. तुम्हाला कोणी खोटं पाठवलं नाही, आणि म्हणूनच हे समजून घेणं जास्त गरजेचं आहे.

तुम्ही वाचलेलं ते प्रोटीन म्हणजे लिंग झी-८. गॅनोडर्माला चिनी भाषेत लिंग झी म्हणतात त्यावरून नाव पडलं. १९८९ मध्ये जपानी संशोधकांनी ते गॅनोडर्माच्या तंतूंमधून वेगळं काढलं, एकशे दहा अमिनो आम्लांची छोटीशी साखळी, आणि मजा बघा, बाहेर काचेच्या डिशमध्ये ते पांढऱ्या पेशींना उत्तेजन देतं, त्यांची संख्या वाढवतं, पण तेच उंदरांना पुन्हा पुन्हा टोचलं तर त्यांची जीवघेणी अ‍ॅलर्जीची रिअ‍ॅक्शन थांबते. म्हणजे एकीकडे चेतवतं, दुसरीकडे शांत करतं. पुढच्याच वर्षी मधुमेह होणाऱ्या जातीच्या उंदरांमध्ये त्याने इम्युनिटीचा स्वादुपिंडावरचा हल्ला रोखला असा पेपर आला. तुमच्याकडे आलाय तो १९९५ च्या आसपासचा, कलमाबद्दलचा. पुढे एनोकी मशरूममध्ये त्याच घराण्यातलं दुसरं प्रोटीन सापडलं, धानाच्या पेंढ्यावर वाढणाऱ्या अळंबीत आणखी एक. शास्त्रज्ञांनी या सगळ्यांना इम्युनिटीची दिशा बदलणारी बुरशीची प्रोटीनं असं नाव दिलं, आणि तुम्ही बॉटनीच्या आहात म्हणून सांगते, या नावात वाढवणारी असा शब्द नाहीये, बदलणारी असा आहे. दिशा कुठली हे डोसवर, माणसावर, आत आधी काय चाललंय यावर ठरतं.

तुमच्या नणंदेच्या मिस्टरांनी त्याचं इम्युनिटी वाढवतं केलं. कोरोनानंतर आपल्या सगळ्यांच्या डोक्यात इम्युनिटी म्हणजे जितकी जास्त तितकी चांगली असं बसलंय, हळदीच्या दुधापासून बिस्किटांपर्यंत सगळ्यावर तेच छापलेलं. पण तुमच्या घरात हे गणित उलटं आहे ना ताई. मिस्टरांच्या शरीरात सासूबाईंची किडनी आहे, आई असली तरी शरीराच्या पहारेकऱ्याच्या दृष्टीने ती परकीच, आणि रोज सकाळ-संध्याकाळच्या त्या गोळ्या कशासाठी आहेत तर त्या पहारेकऱ्याला जरा डुलकी लागावी म्हणून. समजा कॅप्सूलवाल्यांचा दावा शंभर टक्के खरा आहे आणि इम्युनिटी खरोखर वाढली. तर तो पहारेकरी जागा होऊन पहिल्यांदा कुठे जाईल? सासूबाईंनी दिलेल्या किडनीकडेच. म्हणजे कॅप्सूल काम करत नसेल तर पैसे गेले, आणि काम करत असेल तर किडनी जाण्याची भीती. मिस्टरांशी बोलताना एवढं एक वाक्य शांतपणे मांडा, बाकी सगळे वाद नंतर.

दुसरी गोष्ट म्हणजे पेपरमधलं प्रोटीन आणि डबीतली पावडर हे एकच नाहीत. पेपरमध्ये शुद्ध केलेलं प्रोटीन असतं, मोजून, इंजेक्शनने दिलेलं. मिस्टर घेतात ती पावडर, गरम दुधात ढवळून. घरी पनीर करताना आपण उकळत्या दुधात लिंबू पिळतो, दोन मिनिटात दूध फाटतं, चोथा आणि निवळी वेगळी. तिथे झालं काय तर उष्णतेने आणि आम्लाने प्रोटीनची मूळ रचना बिघडली. प्रोटीनची सगळी करामत त्याच्या घडीत असते, कागदाच्या होडीसारखं, घडी उलगडली की कागद राहतो पण होडी राहत नाही. पोटात लिंबापेक्षा कडक आम्ल, वर पेप्सिन नावाची कात्री, पुढे आतड्यात ट्रिप्सिन नावाची दुसरी. काही मशरूमची प्रोटीनं यातूनही बऱ्यापैकी तग धरतात हे मान्य, पण तग धरून आतड्याची भिंत ओलांडून रक्तात हव्या तेवढ्या प्रमाणात पोचणं ही वेगळीच गोष्ट. म्हणून तर इन्सुलिन माणसांना १९२२ पासून देतायत आणि आज १०० वर्षांनंतरही आपल्या घरात आजी-आजोबा सुईच टोचून घेतात, गोळी नाही.

आणि माणसांवर गॅनोडर्मा देऊन बघितलंय, नाही असं नाही. साखर, बीपी, कोलेस्टेरॉल कमी होतं का यावरच्या पाच चाचण्यांचा, मिळून ३९८ माणसांचा, वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये आढावा घेतला आणि त्यात वापरा म्हणून सांगण्याइतका फायदा दिसला नाही.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की ही बाई मशरूमच्या विरोधात आहे. अजिबात नाही. मी कोकणातली, पहिल्या मोठ्या पावसानंतर वारुळावर रोवणाची अळंबी उगवली की आजोबा पहाटे टोपली घेऊन जायचे आणि त्या दिवशीच्या रश्श्याची चव मी अजून विसरलेले नाही. आणि या प्रोटीनांवरचं संशोधन मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. आपल्या बाजारातल्या साध्या बटन मशरूममध्ये एक लेक्टिन असतं, लेक्टिन म्हणजे पेशीच्या अंगावरची साखर ओळखून तिला चिकटणारं प्रोटीन, ते आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींना मारून न टाकता त्यांची वाढ थांबवतं असं लिव्हरपूलच्या लोकांनी १९९३ मध्ये दाखवलं, आणि काढून घेतलं की वाढ परत सुरू. मग डोळ्याच्या ऑपरेशननंतर व्रण जाड होऊ नये म्हणून ते वापरता येईल का हे डोळ्यातल्या पेशींवर तपासलं गेलं. ट्रॅमिटिस नावाच्या, लाकडावर पंख्यासारख्या वाढणाऱ्या बुरशीतून काढलेलं साखर-प्रोटीनचं मिश्रण जपानने १९७७ मध्ये कॅन्सरच्या औषधांच्या जोडीला द्यायला मान्य केलं. जोडीला, ताई. औषधं बंद करून नाही.

आणि आता मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतंय ते सांगते. तुमच्या पत्रात तीनदा केमिकलच्या गोळ्या असा शब्द आलाय. मिस्टरांचा मायकोफिनोलेट कुठून आला माहितीये? बुरशीतून. १८९३ मध्ये गोझिओ नावाच्या इटालियन डॉक्टरांनी खराब झालेल्या मक्यावरच्या बुरशीतून तो पदार्थ काढला, आणि किडनी ट्रान्सप्लांटच्या पेशंटसाठी अमेरिकेत तो मान्य झाला १९९५ मध्ये. टॅक्रोलिमस जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूतून, १९८४ मध्ये सापडलेला. आणि या दोघांच्या आधी ज्या औषधाने किडनी ट्रान्सप्लांटचं यश खूप वाढवलं ते सायक्लोस्पोरिन, ते नॉर्वेच्या पठारावरच्या मातीतल्या बुरशीतून आलं, आणि ती बुरशी कोणाची नातेवाईक निघाली तर कॉर्डिसेप्सची! तुमच्या डबीवर जिचं चित्र आहे तिच्याच घराण्यातली, भुंग्याच्या अळीवर उगवणारी.

सायक्लोस्पोरिन हे अकरा अमिनो आम्लांचं पेप्टाइड आहे, म्हणजे प्रोटीनचंच लहान भावंड. मग ते पोटात का मोडत नाही? तर त्याची दोन्ही टोकं जुळून कडं झालंय आणि जोडांवर अशी रचना आहे की कात्रीला पकडायला जागाच सापडत नाही. म्हणून ते गोळीतून देता येतं. बुरशीतलं औषध गोळीतून आणि तुमच्या घरच्याच कामाचं, नणंदेच्या मिस्टरांना जे हवंय ते अगदी हेच आहे, फक्त ते त्यांच्या डबीत नाही. पण त्याचा प्रवास बघा. माती आणली १९७० च्या आसपास, इम्युनिटी दाबणारा परिणाम दिसला १९७२ मध्ये, केंब्रिजला सर्जन रॉय काल्न यांनी किडनीच्या पेशंटना दिलं १९७८ मध्ये, अमेरिकेत परवानगी १९८३ मध्ये. आणि सुरुवातीच्या त्या पेशंटमध्येच लक्षात आलं की हे औषध किडनी वाचवतं आणि डोस जास्त झाला तर किडनीलाच इजा करतं. त्यातूनच रक्तातली लेव्हल मोजून डोस ठरवायची शिस्त आली, जी तुम्ही आज टॅक्रोलिमससाठी पाळता. मिस्टरांच्या त्या हिरव्या-पांढऱ्या पट्टीमागे एवढं सगळं आहे.

कड्याच्या रचनेवरून आठवलं, हे सगळ्याच वाचकांसाठी. रानात उगवणाऱ्या काही विषारी छत्र्यांमध्येही असंच कडं असतं, आठ अमिनो आम्लांचं अमॅनिटिन. शिजवून जात नाही, पोटात मोडत नाही, सहा ते बारा तास काहीच होत नाही आणि मग यकृत आणि किडनी दोन्ही धरतं. आता संशोधक तेच विष अँटिबॉडीला बांधून फक्त कॅन्सरच्या पेशीत नेता येतं का याच्या चाचण्या करतायत. म्हणजे त्याच बुरशीकडून औषध, त्याच बुरशीकडून विष, नैसर्गिक दोन्ही. ट्रान्सप्लांटवाल्या घरात रानातली अळंबी आणूच नका, ओळखीच्या माणसाने आणली तरी नको. बाजारातलं बटन मशरूम किंवा धिंगरी नीट शिजवून खायला सहसा हरकत नसते, पोटॅशियमचं पथ्य असेल तर डाएटिशियनला विचारून. घरात धिंगरीच्या पिशव्या लावायचं मनात असेल तर मात्र नको, तिचे बीजाणू हवेत भरपूर उडतात आणि मिस्टरांची फुप्फुसं सध्या कमी पहाऱ्यात आहेत.

आता विश्वासाचं. तुम्ही लिहिलंय, डॉक्टरांना सांगितलं तर यांना वाटेल मी चहाडी केली. मला वाटतं इथे तुम्ही एक गोष्ट धरून चाललाय, की मिस्टरांचा विश्वास म्हणजे त्यांचं गुपित सांभाळणं. पण त्यांनी डबी तुमच्यापासूनही लपवली होती. लपवणारा माणूस बहुतेक वेळा कुठेतरी थकलेला असतो. पत्रात मध्येच एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात, की हल्ली ते स्टाफरूममध्ये चहा घेत नाहीत कारण बशीत कप वाजतो, हात थरथरतो, आणि फळ्यावरचं अक्षर बिघडलं म्हणून नववीतली पोरं हसली. ताई, मला तरी पत्राचा गाभा हाच वाटला. ज्या माणसाचं अक्षर शाळेत नावाजलेलं होतं त्याला एकजण येऊन म्हणतो की या गोळ्या सुटतील, तर तो डबी घेणारच ना.

आणि हाताची थरथर हा टॅक्रोलिमसचा अगदी ओळखीचा त्रास आहे. लेव्हल गरजेपेक्षा वर असली की जास्त होतो, ट्रान्सप्लांटला अडीच वर्षं झाल्यावर काही पेशंटमध्ये डोस जरा कमी करता येतो किंवा दिवसातून एकदाच घ्यायच्या प्रकारावर नेता येतं, काहींना औषध बदलून देतात. हे ठरवणार डॉक्टर, पण ठरवायला त्यांना थरथर माहीत तरी पाहिजे. विचारा बघू, मिस्टरांनी ओपीडीत कधी सांगितलंय का? बरेच पुरुष नाही सांगत, क्रिएटिनिन चांगलं आलं की थँक्यू म्हणून उठतात.

म्हणून आज रात्री पोरं झोपल्यावर डबी समोर ठेवू नका, आधी थरथरीबद्दल बोला. तुम्हाला या गोळ्यांचा काय काय त्रास होतो ते मला सगळं सांगा, असं विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. मग पहारेकऱ्याचं ते वाक्य. मग म्हणा, उद्या फोन तुम्ही करता का मी करू? त्यांनी केला तर उत्तम, शेजारी बसून राहा. नाही म्हणाले तर तुम्ही करा, पण त्यांना सांगून करा, त्यांच्यासमोर. ओरडतील या भीतीबद्दल सांगायचं तर कोऑर्डिनेटरने असे फोन भरपूर घेतलेले असतात, आणि चार शब्द ऐकून घ्यावे लागले तरी ते पाच मिनिटांचं आहे.

राहिले नणंदेचे मिस्टर. घरचा जावई, त्यांना कोण बोलणार, हे मला कळतं, आणि सासूबाई मधल्यामध्ये. त्यांच्याशी पेपरवरून भांडू नका, त्यात तुम्ही जिंकलात तरी नणंद दुखावेल. डबी फिरवून बारीक अक्षरं वाचा, फूड सप्लिमेंट म्हणून विकली जात असेल तर त्यावर औषधी वापरासाठी नाही असं इंग्रजीत छापलेलं असतं, तसं छापणं बंधनकारक आहे. त्या ओळीचा फोटो काढा आणि प्रेमाने एवढंच म्हणा की भाऊजी, कंपनीच म्हणतेय हे औषध नाही, आणि यांच्या डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय. गोळ्या सोडवतो असं ते आणखी कोणाला सांगत असतील तर त्यांनाही कळू दे की मधुमेह, कॅन्सर, किडनीचा जुनाट विकार बरा करतो अशा जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. त्यांनी वाईट हेतूने दिलं असेल असं मला वाटत नाही, मेहुण्याचं भलं व्हावं हे त्यांच्याही मनात असेल, त्यांना मीटिंगमध्ये जे शिकवलं ते त्यांनी घरी आणलं.

अशाच डब्या ज्यांच्या घरात आहेत त्यांनाही सांगते. केमो चालू असेल, ल्युपस किंवा आमवातासारखा इम्युनिटीचाच आजार असेल, रक्त पातळ करायची गोळी असेल, ऑपरेशनची तारीख जवळ असेल, तर गॅनोडर्मा घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा आणि घेत असाल तर लपवू नका. गॅनोडर्माच्या पावडरीने यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत, थोड्या आहेत पण आहेत. तब्येत ठणठणीत असेल आणि तुम्ही आपल्या पैशाने घेताय तर मी अडवणारी कोण, फक्त कोणाची चालू गोळी त्यासाठी सोडवू नका.

ताई, उद्या लॅबला जायचं ठरलं तर सकाळची टॅक्रोलिमस घरून घेऊन निघू नका, रक्त गोळीच्या आधी द्यायचं असतं, रात्रीच्या डोसनंतर साधारण बारा तासांनी. गोळी आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा, रक्त दिलं की तिथेच घेऊ दे. डबी आणि पावडरचं पाकीट दोन्ही पिशवीत टाका, फेकू नका, डॉक्टरांना त्यातला मजकूर वाचायचा असेल. आणि फळ्यावरचं अक्षर बिघडल्याचं मिस्टर स्वतः नाही सांगू शकले तर ते तेवढं तुम्ही सांगा.

तुमच्या उत्तराची वाट बघते.